बाईंच्या फ्रिजमधले बारा कंद

गुरुवार, २४ ऑक्टोबर १९९६

मिलचे मालक जयसुखशेठ हॉलंडहून परत आले. गेले होते छपाईचं मशीन बघायला. मशीन घेतलं नाही, कागदी पाकिटात बारा कंद घेऊन आले. ते माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "मास्तर, पहेलां फूल जुओ, पछी पीळो बनावो."

म्हणजे आधी फूल बघा, मग पिवळा बनवा. याला कारण आहे. ट्यूलिपच्या डिझाइनच्या साडीची ऑर्डर मिलने घेतली आहे. तिचा पिवळा मी गेल्या महिन्यात चार वेळा बनवला आणि मुंबईच्या पार्टीने चारही वेळा परत पाठवला. एकदा लिहिलं, हा हळदीचा आहे. एकदा लिहिलं, हा टॅक्सीच्या टपाचा आहे. चौथ्या वेळी नुसतं 'नाही' लिहिलं. सुरतेच्या पांडेसऱ्यात सव्वीस वर्षं रंग बनवतोय. लोक मला निंबा म्हणून ओळखत नाहीत, कलर मास्तर म्हणून ओळखतात. 'नाही' मला कोणी लिहिलं नव्हतं.

पाकिटावर फुलाचं चित्र आहे. आपण साडीवर कपासारखा गोल काढतो तो ट्यूलिप हा नव्हे. हा उंच, कमरेत बारीक, पाकळ्यांची टोकं अणकुचीदार आणि बाहेरच्या बाजूला वळलेली, लिलीसारखी. म्हणजे आमचं डिझाइनसुद्धा चुकलं आहे. हे मी शेठला सांगितलं नाही.

मी हा उगवून दाखवणार. हाउसिंग बोर्डाच्या घरामागे आठ बाय दहाचं अंगण आहे, बायको, शोभा, गेल्यापासून तिथे फक्त कपडे वाळतात.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

अडचण आहे. शेठना दुकानदाराने सांगितलं होतं की गरम देशात लावायचे तर कंद आधी दहा आठवडे फ्रिजमध्ये ठेवा, पाच डिग्रीला, नाहीतर नुसती पानं येतील. आमचा फ्रिज मे महिन्यात बंद पडला तो पडलाच. मिलच्या लॅबमध्ये एक आहे, पण केमिस्ट म्हणाला तिथे भाजीपाला ठेवता येणार नाही. कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याला विचारलं. तो हसला.

जेवताना हर्षदा म्हणाली, "वत्सलाबाईंना विचारा ना आप्पा. त्या आणि त्यांची आई, दोनच माणसं. फ्रिज रिकामाच असतो."

हर्षदा माझी मुलगी. घर तीच चालवते. फेब्रुवारीत तिचं लग्न आहे, मुलगा चलथाणला साखर कारखान्याच्या ऑफिसात आहे. पोरगी हुशार आहे. फ्रिज रिकामा असणं किती महत्त्वाचं, हे तिच्या लगेच लक्षात आलं.

शनिवार, २६ ऑक्टोबर

वत्सलाबाई मागच्या गल्लीत राहतात. म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत शिकवतात, हर्षदा त्यांच्याच हाताखाली शिकली. मूळच्या अमरावतीकडच्या. यजमान जाऊन दहा-अकरा वर्षं झाली असतील. मी आजपर्यंत त्यांच्याशी नमस्कारापलीकडे बोललो नव्हतो.

त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि फ्रिजचा मधला कप्पा रिकामा करून दिला. त्यांच्या आई खाटेवर बसल्या होत्या, त्यांना कमी ऐकू येतं. त्या म्हणाल्या, "कांदे कोनी फ्रिजमंदी ठेवते का बाप्पा?"

बाई म्हणाल्या, "आई, हे फुलांचे आहेत."

आजी म्हणाल्या, "कांद्याले फूल येतेच. त्यात काय."

मिलमधून थर्मामीटर आणला होता. आत ठेवून दहा मिनिटं थांबावं लागतं. थांबलो. सहा डिग्री. चांगलं आहे.

बाईंनी रामा ग्रीन साडी नेसली होती, काठ गाजरी. निळा जरा जास्त पडला आहे, थोडा कमी चालला असता. धंद्याची सवय, म्हणून नोंद केली.

बुधवार, ३० ऑक्टोबर

रोज संध्याकाळी सातला रीडिंग घेतो, वहीच्या मागच्या पानांवर तारखेनिशी टिपतो. ५, ६, ५, ५. साडी: डाळिंबी, पिस्ता, परत रामा, आज अबोली. अबोली बाईंना शोभतो. सुती कापडावर हा रंग इतका सारखा बसणं सोपं नाही.

शनिवार, २ नोव्हेंबर

बाईंनी कमाल केली. शहरातल्या लायब्ररीत जाऊन बागकामाच्या इंग्रजी पुस्तकातून ट्यूलिपची चार पानं उतरवून आणली, आणि मला मराठीत समजावून सांगितली. बाईंना बागकामाची फार आवड दिसते. त्यांच्या दारात मात्र एक तुळस आहे, तीही वाळलेली.

पुस्तकात महत्त्वाची गोष्ट आहे. कंदांच्या फ्रिजमध्ये फळं ठेवायची नाहीत. सफरचंद, केळी, चिकू, काहीच नाही. फळं पिकताना त्यांच्यातून एक वायू निघतो, त्याने कंदाच्या पोटातली कळी मरते. बाईंनी लगेच अर्धा डझन चिकू बाहेर काढले.

आजी म्हणाल्या, "आता चिकूही खायाचे नाही का?"

"खा, पण आत्ताच खा," बाई म्हणाल्या. आजींनी दोन खाल्ले, मीही दोन खाल्ले. रीडिंगला अर्धा तास लागला.

रविवार, १० नोव्हेंबर

दिवाळी. कुंदन आणि सूनबाई उज्ज्वला अंकलेश्वरहून आले आहेत. कुंदन तिथे केमिकल कंपनीत सुपरवायझर आहे. सातला मी निघालो तर म्हणाला, "आज लक्ष्मीपूजन आहे आप्पा, आज तरी राहू द्या." मी म्हटलं, कंदांना दिवाळी नसते.

बाईंनी मोरपंखी साडी नेसली होती, जरीचा काठ. याच्यात काही सुधारणा सुचवता येत नाही. चिवडा दिला. रीडिंग घ्यायचं राहून गेलं, घरी आल्यावर लक्षात आलं, परत गेलो. ५ डिग्री.

बुधवार, १३ नोव्हेंबर

जाताना कुंदन म्हणाला, पुढच्या महिन्यात नवा फ्रिज घेऊन देतो. चांगला मुलगा आहे. हर्षदा म्हणाली, "काही गरज नाही दादा, मी आता जाणार, आप्पा एकटे, कशाला फ्रिज?" कुंदन म्हणाला, "म्हणूनच." मग दोघं स्वयंपाकघरात बराच वेळ हळू आवाजात भांडले. फ्रिजवरून भावंडं इतकी भांडतात हे मला नवीन आहे.

सोमवार, २५ नोव्हेंबर

बन्सीलालने मला रस्त्यात अडवलं. हा समोरच्या घरात राहतो, नंदुरबारकडचा, रिटायर आहे, दिवसभर ओट्यावर बसतो.

"निंबाभाऊ," तो म्हणाला, "लोके बोली ऱ्हायनात."

मी म्हटलं, बोलू देत. सुरतेत आजवर ट्यूलिप कोणी लावला नाही, मग बोलणारच.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "त्याबद्दल नही बोलत."

"मग?"

"जाऊ द्या," म्हणाला. बन्सीलालला शास्त्रीय गोष्टी समजावून सांगण्यात अर्थ नाही.

गुरुवार, ५ डिसेंबर

एक शोध लागला. दहा मिनिटांचं रीडिंग कच्चं असतं. फ्रिजचं मशीन चालू-बंद होतं, त्यामुळे पारा वर-खाली होतो. खरं रीडिंग घ्यायला किमान तासभर बसून दर पंधरा मिनिटांनी बघायला पाहिजे. बाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे, घाई नको."

त्या वह्या तपासतात, मी थर्मामीटर तपासतो. मध्ये चहा होतो. आज त्यांनी एका मुलाचा निबंध वाचून दाखवला, विषय 'माझे बाबा'. त्याने लिहिलं होतं, माझे बाबा रात्रपाळीला जातात म्हणून ते दिवसा माझे बाबा नसतात. आम्ही हसलो, मग बाईंनी त्याला दहापैकी दहा दिले. बदामी साडी, काठ वाइन.

रविवार, १५ डिसेंबर

फ्रिज आला. एकशेपासष्ट लिटर, पांढरा. कुंदन स्वतः टेंपोतून घेऊन आला. हर्षदाने त्याला पाणीही नीट विचारलं नाही.

कुंदन म्हणाला, "आता तुमचे कांदे इथे आणा."

मी त्याला समजावलं की नव्या फ्रिजचा गारवा कच्चा असतो, मशीन दोन-तीन महिने चालल्याशिवाय त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. शिवाय कंद जागेवरून हलवले की दचकतात. हे दुसरं पुस्तकात नाही, पण मला तसं वाटतं.

कुंदन म्हणाला, "आप्पा, माझ्या कंपनीत पन्नास चिलर आहेत. मला नका सांगू."

सातला मी गेलो. लेमन साडी. ५ डिग्री, चारही वेळा.

रविवार, २२ डिसेंबर

कुंदन परत आला होता, हर्षदाच्या साखरपुड्याचं बघायला. मी बाजारात गेलो असताना तो बाईंकडे जाऊन आला असं कळलं. नमस्कार करायला गेला असेल, त्यांच्याकडे शिकला नसला तरी बहिणीच्या शिक्षिका आहेत.

संध्याकाळी सव्वासहाला, मी निघायच्या आधीच, बाई स्वतः दारात आल्या. हातात खडूच्या पेटीत बाराही कंद, पुठ्ठ्याचे कप्पे करून एकेक वेगळा ठेवलेला. म्हणाल्या, "तुमच्याकडे आता फ्रिज आहे. आमच्याकडे आईला फळं लागतात."

मी बसा म्हटलं. त्या बसल्या नाहीत. एक वही दिली. "सकाळची रीडिंग्ज आहेत. तुम्ही संध्याकाळची घेत होता, मला वाटलं सकाळचीही असावीत."

सत्तावन्न सकाळी. रोज सहाला. मी सांगितलं नव्हतं. काम किती पक्कं.

साडी राखाडी होती. राखाडीत मला काही दिसत नाही.

मंगळवार, २४ डिसेंबर

आमच्या फ्रिजचं रीडिंग घेतलं. ४ डिग्री. दोन मिनिटांत आलं. मशीन चांगलं आहे, पारा हलतच नाही.

मग काय करायचं ते सुचेना. हर्षदाला म्हटलं, चहा कर. ती म्हणाली, आत्ताच झाला ना.

रविवार, २९ डिसेंबर

साखरपुडा छान झाला. चलथाणची माणसं साधी आहेत. पाहुणे जाईपर्यंत मी मांडवात होतो, परत येऊन फ्रिज उघडला तर आत चार किलो सफरचंदं, दोन डझन केळी आणि एक पपई. उज्ज्वलाने ठेवली होती, खराब होऊ नयेत म्हणून. कंदांची पेटी पपईच्या खाली दबलेली.

पुस्तकातलं सगळं तिला समजावून सांगितलं. ती रडायला लागली. कुंदन म्हणाला, "आप्पा, कांद्यापायी सुनेला रडवताय." मी माफी मागितली. फळं वाटून टाकली. बन्सीलालला पपई दिली.

बाईंना आमंत्रण होतं. आजी आल्या, त्या नाही आल्या. शाळेचं काम असेल. रविवारी शाळा नसते हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

रविवार, ५ जानेवारी १९९७

दहा आठवडे झाले, कंद लावले. शेणखत, वाळू, चार बोटं खोल. जमीन गार राहावी म्हणून बर्फाच्या कारखान्यातून लादी आणली, फोडून वर पसरली, त्यावर ओलं गोणपाट. बन्सीलाल कुंपणापाशी येऊन म्हणाला, "हाई काय, मासा ठेवेल शेतस का?"

एक प्रश्न होता, कंदाचं टोक वर की आडवं. पुस्तकाची पानं बाईंकडेच राहिली आहेत. हर्षदाला म्हटलं, जाऊन विचारून ये. ती म्हणाली, "तुम्ही जा." मी म्हटलं, त्यांनी कंद परत दिले, म्हणजे त्यांना त्रास होत होता, परत कसं जाऊ.

हर्षदा म्हणाली, "आप्पा, तुमले खरंच काही समजस नही का?"

ती रागावली की अहिराणी बोलते, आईसारखी. टोक वर ठेवून लावले.

मंगळवार, १४ जानेवारी

उत्तरायण. सकाळपासून अंगणात सात पतंग पडले आणि सात पतंगांमागे सतराजण कुंपणावरून आत आले. मी काठी घेऊन वाफ्याशी उभा राहिलो. शेवटी दर पतंग मीच उचलून बाहेर द्यायचा असं ठरलं. दिवसभर तेच केलं. कोंब वाचले. अकरा आले आहेत, टोकं लालसर हिरवी. बारावा नाही आला.

बाईंच्या गच्चीवर कोणी नव्हतं. मी बघत नव्हतो, पतंग त्या बाजूने येत होते.

रविवार, २ फेब्रुवारी

दोन सडले. नऊवर पानं आहेत, रुंद, निळसर हिरवी. सकाळ-संध्याकाळ बर्फ. बर्फवाला मला विचारतो, घरी कोणाचं काही बरंवाईट झालंय का.

रस्त्यात बाई भेटल्या. मी म्हटलं, नऊ आहेत. त्या म्हणाल्या, "छान." आणि गेल्या. साडीचा रंग बघितला नाही.

नाही, बघितला. पिस्ता.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

नऊपैकी चारांना कळ्या आल्या होत्या. तीन कागदासारख्या सुकल्या, दाबून बघितलं तर आत हवा. सफरचंदं. उरली एक. तिच्यावर मी माझी छत्री लावली आहे. मिलमध्ये शेठ रोज विचारतात, "आव्युं?" मी म्हणतो, यायचंय.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आलं.

उंची माझ्या वितीएवढीसुद्धा नाही, पाकिटावर गुडघ्याएवढं दाखवलंय. पण आकार तोच. कमरेत बारीक, सहा पाकळ्या, टोकं बाहेर वळलेली, कोणीतरी चिमटीत धरून हळूच ओढल्यासारखी. सकाळी मिटलेलं होतं तेव्हा लेमन. दहाला ऊन आलं, उघडलं, तर सोन्यासारखं. खाली गळ्याशी हिरवट झाक. सावली पडली की परत वेगळं. मी शेडकार्ड घेऊन बसलो होतो, एकाही पट्टीशी जुळेना, आणि दुपारी कळलं की जुळणारही नाही. याच्यात एक पिवळा नाहीच. चार-पाच आहेत आणि ते जागा बदलतात. मुंबईच्या पार्टीने 'नाही' लिहिलं ते बरोबर होतं.

निम्मी हाउसिंग बघून गेली. बन्सीलाल म्हणाला, "इतकंच?" पण मग खाली बसून बराच वेळ बघत राहिला.

बाई आल्या नाहीत. मी हर्षदाला म्हटलं, त्यांचे सत्तावन्न दिवस आहेत यात, बोलावून आण, कधी मिटेल सांगता येत नाही.

तेव्हा हर्षदाने मला पायरीवर बसवलं आणि सांगितलं. कुंदन डिसेंबरात त्यांच्याकडे जाऊन म्हणाला होता, "आमच्या घरी फ्रिज आलाय, आता आप्पांना रोज इथे यायचं कारण उरलं नाही. बहिणीचं लग्न व्हायचंय, लोक बोलतात, तुम्ही शिकलेल्या आहात."

मी म्हटलं, "लोक काय बोलतात?"

हर्षदाने कपाळावर हात मारला.

"पण मी तर कंदांसाठी जात होतो," मी म्हटलं.

"हो आप्पा," ती म्हणाली. "तासभर."

रविवार, १६ फेब्रुवारी

सकाळी ही वही काढली. कुंदनला दाखवायची होती. सगळं तारखेनिशी लिहिलेलं आहे, डिग्रीसकट, माणूस कशासाठी जात होता त्याचा लेखी पुरावा. चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.

वही कुंदनला दाखवता येणार नाही.

रीडिंग एकोणीस दिवस लिहायचं राहिलंय. साडी एकही दिवस राहिलेली नाही.

हर्षदा येऊन म्हणाली, आप्पा, तोंड असं का झालंय. मी म्हटलं, रंग चुकला. शोभाच्या फोटोपाशी जरा उभा राहिलो. तिला मी सांगितलेला रंग तिने जन्मात कधी घेतला नाही, दुकानात गेली की मुद्दाम दुसरा उचलायची आणि माझ्याकडे बघून हसायची. तिला हे कळलं असतं तर ती काय म्हणाली असती, याचा विचार केला. ती पण पायरीवर बसवून हेच म्हणाली असती, तुमले समजस नही का.

वय एकावन्न. घाम फुटलाय. बर्फ मातीवर टाकायच्या आधी थोडा स्वतःच्या मानेवर ठेवला.

सोमवार, १७ फेब्रुवारी

सातला गेलो. थर्मामीटर नव्हता, म्हणून हात कुठे ठेवायचे ते कळेना.

बाई वह्या तपासत होत्या. मी उभ्यानेच सांगितलं. कुंदन जे बोलला ते मला माहीत नव्हतं, त्याची माफी मागतो. पण तो सगळंच खोटं बोलला असंही नाही, हे मला काल वही वाचून समजलं.

"कुठली वही?"

"माझी. त्यात तुमच्या साड्या आहेत."

बाईंनी पेन खाली ठेवलं. आजी म्हणाल्या, "काय म्हनते हा?"

"काही नाही आई."

"मंग एवढा घामाघूम काऊन झाला?"

बाई म्हणाल्या, "मास्तर, सरळ विचारते. मुलगी सासरी चालली, आता भाकरी कोण करणार, म्हणून आला असाल तर मी तुम्हाला डबा लावून देते. ओळखीची बाई आहे, चांगलं करते."

मी म्हटलं, "भाकरी मला येते. शोभा आजारी होती तेव्हा शिकलो."

"मला येत नाही," बाई म्हणाल्या. "आई करते."

त्यांनी समोरची वही बंद करून गठ्ठ्यावर ठेवली. मग विचारलं, "फूल किती दिवस राहील?"

"ऊन असंच राहिलं तर दोन."

"मग आधी फूल दाखवा. बाकीचं मिटत नाही."

आम्ही दोघं गल्लीतून आमच्या घरी आलो. बन्सीलाल ओट्यावर होता. बाईंनी त्याला नमस्कार केला, त्याला उठून उभं राहावं लागलं. अंगणातला दिवा लावला. फूल मिटायला लागलं होतं. बाई पदर सावरून वाफ्यापाशी बसल्या. बोट लावलं नाही, नुसतं बघितलं. म्हणाल्या, "एवढंसं."

"हो."

"केवढा खटाटोप." आणि मग हसल्या. मी सत्तावन्न दिवसांत त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. साडी अबोली.

मी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मात्र दिलं नाही. म्हणाल्या, एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा होऊ दे, मुलांचे निकाल लावल्याशिवाय माझं डोकं दुसरीकडे चालत नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

पाकळ्या पडल्या. शेठना चार पिवळ्यांचा नमुना दाखवला, एकाच पाकळीत चार पट्टे, एकमेकांत विरलेले. आयुष्यात इतका चांगला रंग मी काढला नाही. शेठ म्हणाले, फार सरस, पण पार्टीने ट्यूलिप रद्द केलाय, आता त्यांना मोर पाहिजे. आणि मोर मी हॉलंडहून आणणार नाही, सरथाण्याच्या प्राणीबागेत जाऊन बघा.

गुरुवार, २० फेब्रुवारी

कुंदन लग्नासाठी आला. त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आप्पा, माझ्या सासरी मी काय सांगू?"

मी म्हटलं, "सांग, वडिलांनी ट्यूलिप लावला."

त्याला हसू आलं नाही. पण तो ओरडलाही नाही. म्हणाला, "मला वाटलं होतं मी तुम्हाला वाचवतोय." आणि मंडपवाल्याकडे निघून गेला.

रविवार, २३ फेब्रुवारी

हर्षदा गेली. गाडीत बसताना मला म्हणाली, "आप्पा, एप्रिल विसरू नका." इतर मुली काय म्हणून रडतात माहीत नाही. मी मात्र नीट रडलो.

शुक्रवार, २५ एप्रिल

बाईंनी निकालपत्रकं शाळेत जमा केली. संध्याकाळी विचारलं. त्या म्हणाल्या, "हो." मीही एवढंच लिहितो.

आजींना ओरडून सांगावं लागलं, त्यामुळे गल्लीला वेगळं सांगायची गरज पडली नाही.

रविवार, १ जून

शुक्रवारी कचेरीत जाऊन लग्नाच्या सह्या केल्या. साक्षीदार हर्षदा, जावई आणि बन्सीलाल. बन्सीलालने नवीन टोपी घातली होती आणि सही इतकी मोठी केली की खाली शिक्क्याला जागा राहिली नाही. बाई आणि आजी आमच्याकडे राहायला आल्या. दोन फ्रिज झालेत. एकात फक्त आजींची फळं.

कुंदन सह्यांना आला नव्हता. आज आला. उज्ज्वला बरोबर होती, हातात आंब्यांची पेटी. मी दारातून बाजूला झालो. तो आत आला, पंख्याखाली बसला, पाणी प्यायला, परत मागितलं, तेही प्यायला. बाई समोर खुर्चीवर. आजींनी पेटीतला आंबा काढून वास घेतला आणि पिकायचाय म्हणून सांगितलं.

मग कुंदन खाली बघत म्हणाला, "मी त्या दिवशी बोललो ते चुकलं."

बाई म्हणाल्या, "चुकलं होतं. झालं आता."

तरी तो घुटमळत होता. उज्ज्वलाने त्याला कोपर लावलं. मग त्याने विचारलं, तिशीचा बाप्या, पन्नास चिलरचा साहेब, कान लाल झालेले, "मी तुम्हाला काय म्हणू? म्हणजे, आई म्हणायला मला..."

"बाई म्हण," त्या म्हणाल्या. "सगळी शाळा म्हणते, तुला काय जड आहे?"

कुंदन मोकळा हसला. उज्ज्वला आत जाऊन विळी शोधायला लागली.

मीही बाईच म्हणतो. दुसरं काही सुचेपर्यंत तेच चालवायचं, असं आमचं ठरलंय.